पिन नोको लावू

राउटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहापर्यंत मोजायचं, की त्या डब्याच्या पोटात कोणी जे काही भरून ठेवलं असेल ते सगळं पुसलं जातं आणि डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. यालाच आम्ही रिसेट मारणं म्हणतो. आमच्या धंद्यातली निम्मी दुनिया या भोकावर जगते. पत्ता सापडत नाही? पिन लाव. पासवर्ड विसरला? पिन लाव. मडावीभाऊंनी मात्र मी पाहिलं त्या चार वर्षांत एकदाही पिन लावली नाही, आणि मला लावू दिली नाही. त्यापायी माझ्या किती दुपारी जळाल्या ते माझं मला माहीत.

यवतमाळात एका शेठची लहानशी फर्म आहे. जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजं, जिनिंग, वजनकाटे, पतसंस्था, जिथे जिथे इंटरनेटचा डबा टांगलेला आहे तिथे तो बंद पडला की जाऊन चालू करून द्यायचा, हे आमचं काम. मी डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा मडावीभाऊ आधीच होते. आधी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग केबल टीव्हीच्या, मग या. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात टेस्टर, पायात चामडी चप्पल. डब्यासमोर बसताना चप्पल बाहेर काढून बसायचे. मला वाटलं, काय ही कामावरची श्रद्धा! एकदा विचारलंच. म्हणाले, "श्रद्धा कायची वं बाई, बेल्ट तुटला हाय. उठता-बसता निसटते."

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. लॅपटॉप आणि राउटर यांचं बोलणं व्हायला दोघांचे पत्ते एका गल्लीतले लागतात. पत्ता म्हणजे ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक आकडा दोनशे पंचावन्नच्या आत. पहिले तीन सारखे हवेत, म्हणजे गल्ली एक झाली. शेवटचा वेगळा हवा, म्हणजे घर वेगळं झालं. पहिले दोन आकडे तर सगळेच एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट ठेवतात. खरी भानगड उरलेल्या दोनांची. ते माहीत नसतील तर लॅपटॉप राउटरला वायरीनं बांधून ठेवला तरी तो त्याच्यासाठी परकाच. आणि आमच्याकडे ते कधीच माहीत नसतात. लावणारा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो, किंवा पासबुकाच्या मागे लिहिलेलं असतं आणि पासबुक बायकोकडे असतं.

अशा वेळी मी पर्समधून टाचणी काढायची, आणि भाऊ म्हणायचे, "पिन नोको लावू. कोनाची तरी मेहनत हाय त्याच्यात."

त्यांची पद्धत निराळी होती. ते डब्याकडे बघायचेच नाहीत. आधी चहा मागवायचे, स्वतःला नाही, तिथल्या कारकुनाला किंवा चौकीदाराला. मग खिशातून खर्र्याची पन्नी काढून घोटत बसायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घालून तळहातावर रगडायचा, हा आमच्याकडचा जीवघेणा लाड. घोटता घोटता चौकशी सुरू व्हायची, हा डबा कोणी लावला, तो कुठला, घरी कोण, गाडी कोणती, गाडीचा नंबर काय. "नंबर यंत्र नाई ठेवत, मानूस ठेवते. मानूस सापडला का नंबर सापडते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मला त्या क्षणी त्या पन्नीसकट त्यांना उचलून बाहेर ठेवावंसं वाटायचं.

आर्णीच्या एका जिनिंगमधला प्रसंग सांगते. काट्याजवळच्या खोलीत डबा होता आणि काट्यावरचा लॅपटॉप त्याच्याशी बोलेना. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, मॅनेजर आमच्या डोक्यावर उभा. मी गाडी लावून आत शिरत होते, तेवढ्यात मागून भाऊंची हाक आली, "ओ एकवीस-सत्तेचाळीस, उन्हात नोको लावू, शीट तापते." मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतात. मलाच. भाऊंना माणसांच्या नावांपेक्षा गाड्यांचे नंबर लक्षात राहायचे. मला माझ्या स्कूटीचा नंबर तेव्हा विम्याचा कागद काढल्याशिवाय आठवायचा नाही.

आत गेल्यावर भाऊंनी चौकीदाराला चहा पाजला. डबा लावणाऱ्या ऑपरेटरच्या मोटारसायकलचा नंबर निघाला. तो लावला, चालला नाही. मी टाचणी हातात घेतली. "थांब ना वं," भाऊ म्हणाले. ऑपरेटरच्या पोरीची जन्मतारीख निघाली. नाही. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं, मी मॅनेजरकडे पाहिलं, भाऊंनी पन्नीकडे पाहिलं. मग त्यांनी चौकीदाराला विचारलं, "त्या पोराले इथं चिकटवलं कोनं?" चौकीदार म्हणाला, "मालकाच्या मोठ्या भावानं. त्याच्या जीपवर डायवर होता ना आधी." जीप शेडमागे उभी होती, चाकं बसलेली. तिचा नंबर होता बाराशे नऊ. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी बारा, मग नऊ असं टाकलं आणि राउटरचं पान उघडलं.

"पाह्य," भाऊ म्हणाले, "शहाना मानूस सोताचा नंबर कधी नाई ठेवत. ज्याच्या भरोशावर हाय, त्याचा ठेवते."

मी म्हटलं, "पिन लावली असती तर दहा मिनिटांत झालं असतं."

"अन् मंग त्याच्यात काटा होता, क्यामेरे होते, आफिस होतं, ते कोनं भरलं असतं? तुहा बाप?"

बापापर्यंत जायची गरज नव्हती. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

राजूरचा प्रसंग तर अजून आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. कोळशाच्या काट्यावरचं काम, टेबलावर बोट फिरवलं तर बोट काळं होईल अशी खोली. या वेळी राउटरचा पत्ता डब्यावरच लिहिलेला होता, मग काय, म्हटलं आता भाऊंची गरजच नाही. वायर लावली. नाही. वायर बदलली. नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, फायरवॉल बंद केली, दुसऱ्या भोकात वायर घातली. दीड तास. घामानं ओढणी पिळून निघाली. भाऊ कोपऱ्यात खुर्चीवर बसून खर्रा घोटत होते. शेवटी मी म्हटलं, "मी हात टेकले."

ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "तुह्या लॅपटॉपवर आजून आर्णीचाच पत्ता हाय. तिथून निघताना काढला नाई तू."

म्हणजे मी दीड तास राजूरच्या डब्याला आर्णीच्या गल्लीतून हाका मारत होते. शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात ती चूक.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"बसली तवापासून."

"मग सांगितलं काहून नाही?" रागात माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"सांगतलं असतं तं उद्या इसरली असती."

त्यानंतर ती चूक माझ्याकडून एकदाही झाली नाही, हे मान्य करावं लागतं. पण शिकवण्याची ही कोणती रीत? विंचवानं डंख मारूनच शिकवायचं म्हटलं तर मग मास्तर कशाला हवेत?

पत्ते लिहून द्या म्हणून मी भाऊंच्या मागे लागले होतेच. शेठला वेगळीच चिंता होती. जिल्ह्यातल्या सगळ्या डब्यांचे पत्ते फक्त मडावीच्या डोक्यात, उद्या हा माणूस गेला तर? त्यांनी एक जाड रजिस्टर आणून भाऊंपुढे ठेवलं आणि सांगितलं, आठ दिवसांत भरा. भाऊंनी भरलं. सुरेख अक्षरात, एका गावाला एक ओळ. पण नंबरांच्या जागी लिहिलेलं असं, "इथं डबा शिंद्यानं लावला, माळेगावचा, बहिणीवर लई जीव." शेठनं रजिस्टर आपटलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "लिवलं ना. मानूस लिवला."

त्या दिवशी बसस्टँडकडे चालताना मी त्यांना स्पष्टच बोलले. "भाऊ, तत्त्वज्ञान माझ्यापुढे नका सांगू. नंबर लिहून दिले की शेठ तुम्हाला काढून टाकेल, म्हणून लिहीत नाही तुम्ही."

मला वाटलं, चिडतील. ते थोडं चालले आणि म्हणाले, "हो. पोट हाय मले. साठीच्या मानसाले कोन ठेवते? हे नंबर हायेत म्हून शेठ चहा पाजते."

माझा राग तसाच राहिला, फक्त त्याला ठेवायला जागा राहिली नाही.

चहाचंच बघा. भाऊ चहा बशीत ओतून, बशी ओठाला तिरकी लावून ओढायचे. मला ती जुन्या माणसाची ढब वाटायची. भाकरी कुस्करून खायचे तेही तसंच वाटलं. खर्र्यानं त्यांचं तोंड पुरतं उघडतच नव्हतं हे मला कळायला दुसरं वर्ष संपलं. मी खर्र्यावरून ओरडायचे, ते म्हणायचे, "सोडतो ना वं, हे पन्नी संपू दे." पन्नी कधी संपली नाही. माणसं वाचता येतात म्हणणाऱ्या माणसाजवळ मी चार वर्षं बसले, आणि त्यातली दोन मला एक बशी वाचायला लागली.

मग भाऊ नागपूरच्या दवाखान्यात भरती झाले, आणि त्याच आठवड्यात महागावचं प्रकरण उपटलं.

महागावच्या एका खासगी कॉलेजात ऑनलाइन परीक्षेचं केंद्र होतं. तिथलं सगळं जाळं भाऊंनी गेल्याच वर्षी एकट्यानं तीन दिवस राहून उभं केलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणा शहाण्यानं सगळे संगणक फॉरमॅट करून टाकले. त्यांच्यातले पत्ते गेले, आणि गच्चीखालच्या राउटरचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. संध्याकाळी पाचला तपासणी होती. ती झाली नाही तर केंद्र रद्द आणि पोरापोरींनी सकाळी नऊच्या आत पुसद गाठायचं. आजूबाजूच्या तांड्यांवरून येणाऱ्या मुली पुसदला गेल्या नसत्या, त्यांचं वर्ष गेलं असतं. प्राचार्य मला हे तीनदा सांगून गेले, जणू मी पत्ता पदराला बांधून बसले होते.

मी दुपारी बाराला बसले. पत्ते शोधणारा प्रोग्राम लावला, पण अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही हे भाऊंनी त्या डब्याला शिकवून ठेवलं होतं. आपोआप पत्ता वाटायची सोयही बंद. "फुकट वाटलं का कोनीबी येऊन बसते," हे त्यांचंच वाक्य. भाऊंना फोन लावला. त्यांच्या बायकोनं, काकूंनी उचलला. म्हणाल्या, "आत्ताच आत नेलं वं त्याईले. जबडा काढून राह्यले."

मी फोन ठेवला आणि त्यांच्याच पद्धतीनं माणूस शोधायला बसले. भाऊंच्या मोटारसायकलचा नंबर टाकला. नाही. महागावचा पिनकोड दोन-दोन आकडे तोडून टाकला. नाही. त्यांना मुलगी आहे एवढं माहीत होतं, जन्मतारीख माहीत नव्हती. नाव आठवेना. लग्न कधी झालं, गाव नेमकं कोणतं, शेती आहे की नाही, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. चार वर्षं एका गाडीवर फिरलो आम्ही. मी फक्त चिडत राहिले होते. शेठ दर पंधरा मिनिटांनी फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होते, "अरे पिन लाव ना, पिन!"

पावणेचारला मी पिन लावली. दहापर्यंत मोजलं.

पाचला तपासणी पार पडली, दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली, प्राचार्यांनी पेढा दिला. आठ दिवसांनी एका बाईंचा फोन आला. जवळच्या तांड्यावरच्या शाळेत त्या शिकवत होत्या. "मॅडम, आमच्या शाळेचं नेट बंद हाय. मडावीभाऊंचा फोन लागत नाही." मी म्हटलं, तुमची शाळा आमच्या यादीत नाही. त्या म्हणाल्या, "यादीत नाहीच. भाऊंनी कॉलेजच्या गच्चीवरून आम्हाले लाइन देली होती. प्राचार्य हो म्हनले होते. पोरं त्याच्यावरच शिकतात, मॅडम."

त्या शाळेचा रस्ता त्या डब्यात होता, आणि तो मी दहा आकड्यांत पुसला होता. तांड्यावर जाऊन शाळेच्या गच्चीवरचा डबा पाहिला. त्याचाही पत्ता माहीत नाही. तिथे दुसऱ्यांदा पिन लावायला हात धजेना. बाई रोज फोन करायच्या, मी रोज उद्या सांगायचे. महिनाभर हे चाललं, कारण भाऊंकडे जायचं तर केलेलं सांगावं लागणार होतं.

शेवटी गेले. आर्णीच्या पुढे त्यांचं गाव. अंगणात गाडी लावली. भाऊ ओसरीत खाटेवर बसले होते. चेहऱ्याची एक बाजू आत गेलेली, गळ्याला पट्टी, बोलणं बंद. मांडीवर नातवाची पाटी आणि खडू. मला पाहून डोळे हसले. काकूंनी पाणी आणलं. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी मान हलवली. मग पाटीवर लिहिलं, "माहागाव. काकूनं सांगतलं, तू फोन केलती. सापडला नंबर?"

मी म्हटलं, "हो. सापडला."

त्यांनी पुसून लिहिलं, "कोनता?"

त्या एका शब्दापुढे माझी अक्कल गहाण पडली. घाईघाईनं मी त्यांच्याच मोटारसायकलचा नंबर सांगितला. भाऊंनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश एकच शब्द लिहिला, "पिन."

"हो, लावली!" मी ओरडलेच. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "लावली पिन! दुसरं काय करणार होते मी? मी चार वर्षं मागे लागले, लिहून द्या, लिहून द्या. दिलं नाही. मुलींचं वर्ष गेलं असतं. आणि आता तांड्याची शाळा बंद पडलीय, महिना झाला, ते पण माझ्यामुळं. सांगा, मी काय करायचं होतं?"

आजारी माणसापुढे असं ओरडायला नको होतं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, "वही काढ."

पहिला नंबर तांड्याच्या शाळेचा होता. मी उतरवून घेतला. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "आर्नी, पतसंस्था," आणि खाली आकडे. मग राजूर. मग वणी. एक गाव, एक नंबर, माझी मान हलली की पुसायचं. सातव्या-आठव्या गावाला माझ्या लक्षात आलं, हे काय चाललंय. हे नंबर होते म्हणून शेठ चहा पाजत होता.

"भाऊ, राहू द्या आता," मी म्हटलं. "बाकीचे तुम्ही कामावर आल्यावर सांगा."

त्यांनी वर पाहिलंच नाही. खडू झिजला, काकूंनी दुसरा दिला. चार वर्षं जे मला हवं होतं ते मी पानामागून पान लिहीत होते आणि मला ते नको होतं.

सगळ्यात शेवटी त्यांनी लिहिलं, "माहागाव. 21.47."

"हा कशाला आता? हा तर मी पुसून टाकला."

भाऊंनी खडूनं अंगणाकडे दाखवलं. मी वळून पाहिलं. भर उन्हात माझी स्कूटी उभी होती आणि तिच्या पुढच्या पाटीवर लिहिलं होतं, एमएच २९ आणि पुढे एकवीस-सत्तेचाळीस.

मी त्यांचे सगळे नंबर लावून पाहिले होते. माझा लावला नव्हता.

"मग सांगायचं नव्हतं का मला!" मी म्हटलं. या वेळी आवाज चढला नाही.

त्यांनी लिहिलं, "सांगतलं होतं. आर्नीले."

मग खाली लहान अक्षरात, "जाऊन तोच लाव." मी हो म्हटलं. त्यांनी पाटी पुसली.

काकूंच्या हातचा चहा घेऊन मी बाहेर आले. बसले आणि चटका लागून उभी राहिले, शीट तव्यासारखी तापली होती. चावी लावून मागे पाहिलं तर भाऊ भिंतीला धरत ओसरीच्या पायरीपर्यंत आले होते. एका हातानं खांब धरला होता आणि दुसऱ्या हातात पाटी माझ्याकडे वळवून उंच धरली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "गाडी सावलीत लावत जाय."